विचारा बिनधास्त : दोन नावांचा फ्रेंच साहेब

मागच्या अंकात नोबेलवरच्या एका उत्तरात जाता जाता लिहून गेलो होतो की १९६० सालचं साहित्याचं नोबेल ज्याला मिळालं तो सँ-जॉन पेर्स म्हणजे मूळचा आलेक्सी लेजे, आणि हा बाबा सात वर्षं फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याचा सगळ्यात वरचा अधिकारी होता. त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि पत्रं आली की या वेळचा आख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. भाजीवरच्या कीटकनाशकांबद्दल ज्यांनी विचारलं होतं त्यांनी महिनाभर भाजी नीट धुऊन खावी, उत्तर पुढच्या अंकात.

प्रश्न : मी पुण्यात यूपीएससी करतोय, दुसरा अटेम्प्ट. हा माणूस परीक्षा देऊन आत आला की ओळखीने? वय किती होतं? (एक परीक्षार्थी, सदाशिव पेठ)

परीक्षा देऊन, आणि वय २७. त्यामुळे धीर सोडू नका. १९१४ साली तो परराष्ट्र खात्याची स्पर्धा परीक्षा पास झाला, आणि त्याच्याआधीची काही वर्षं वाचलीत तर ती तुमच्या पेठेतल्या रूमवरची वाटतील. जन्म १८८७ चा, कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर, वडील वकील, घराण्याचे मळे वगैरे होते पण दिवस फिरले आणि १८९९ मध्ये सगळं कुटुंब फ्रान्समधल्या पो या गावी येऊन राहिलं. १९०७ मध्ये वडील वारले. हा बोर्दोला कायदा शिकत होता, घरी आई आणि बहिणी, कविता चालू होत्या पण कवितेवर चूल पेटत नाही हे त्यालाही कळत होतं.

ओळखीचं म्हणाल तर होती, पण वशिला म्हणावा अशी नाही. पोल क्लोदेल हा मोठा कवी तेव्हा वकिलातीच्या नोकरीत होता, चीनमध्ये बरीच वर्षं काढलेला, पुढे तर टोकियो आणि वॉशिंग्टनला राजदूत झाला. त्याने सांगितलं की बाबा रे, ही नोकरी धर, पगारही मिळतो आणि लिहितापण येतं. म्हणजे करिअर गायडन्स म्हणा ना.

पास झाला आणि लगेच पहिलं महायुद्ध सुरू झालं, मग आधी पॅरिसमध्येच प्रेसच्या कामावर, आणि १९१६ च्या शेवटी पोस्टिंग थेट पेकिंग म्हणजे आत्ताचं बीजिंग. तिथे पाच वर्षं. जुलै १९१७ मध्ये एका सेनापतीने चीनच्या पोरसवदा बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं, जेमतेम बारा दिवस टिकला तो प्रकार, पण त्या धामधुमीत राष्ट्राध्यक्षाचं कुटुंब सुरक्षित जागी हलवायच्या कामावर आपला हा ज्युनिअर सेक्रेटरी होता. १९२० मध्ये मोटारीने मंगोलियात गोबीच्या वाळवंटापर्यंत जाऊन आला. सुट्टीत शहराबाहेरच्या एका जुन्या ताओ देवळात जाऊन बसायचा आणि तिथे एक दीर्घ कविता लिहीत होता.

प्रश्न : नाव बदलायची काय गरज? आपल्याकडे कलेक्टर, सचिव राजरोस स्वतःच्या नावाने कादंबऱ्या लिहितात की. (वाचक, लातूर)

लिहितात, आणि मग बदली झाली की कादंबरीमुळे झाली असंही लोक म्हणतात. लेजेला तोच खटाटोप नको होता. १९११ मधलं पहिलं पुस्तक त्याने जवळजवळ स्वतःच्याच नावाने काढलं होतं, पण १९२४ मध्ये ती देवळातली दीर्घ कविता छापली तेव्हा सँ-जॉन पेर्स हे नाव लावलं, आणि त्यानंतर, हे महत्त्वाचं, नोकरीत असेपर्यंत कवितेला चक्क कुलूप. लिहीत होता, छापत नव्हता. टी. एस. एलियटने १९३० मध्ये इंग्रजी भाषांतर केलं, जर्मनमध्येही झालं, म्हणजे बाहेर नाव होत होतं आणि पॅरिसमधल्या ऑफिसात साहेब फाईल बघत बसलेला.

कवी म्हणजे बेभरवशाचा माणूस असं परराष्ट्र खात्यात कुणाला वाटू नये, हे एक कारण. दुसरं मला वाटतं ते असं की त्याला दोन्हीकडे पूर्ण माणूस म्हणून राहायचं होतं, अर्धा इकडे अर्धा तिकडे असं नको होतं. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

प्रश्न : सचिव माणसाच्या हातात असं असतं तरी काय? निर्णय तर मंत्रीच घेतो ना? (निवृत्त कक्ष अधिकारी, ठाणे)

साहेब, तुम्ही हा प्रश्न विचारताय म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेताय! मंत्रालयात ज्याने एक वर्ष जरी काढलंय त्याला माहितीये की ज्याच्या हातात मसुदा त्याच्या हातात बरंच काही.

लेजेची गाडी रुळाला लागली ती आरिस्तीद ब्रियाँ या मंत्र्यामुळे. १९२१ मध्ये वॉशिंग्टनला नौदल कपातीची परिषद भरली, तिथे पूर्व आशियाचा जाणकार म्हणून लेजे होता आणि ब्रियाँच्या नजरेत भरला. दोघं समुद्राकाठी वाढलेले, जमलं. पॅरिसात तेव्हा एक विनोद फिरायचा की प्वँकारेला (हा ब्रियाँचा समकालीन दुसरा बडा नेता) सगळं माहीत असतं पण कळत काही नाही, आणि ब्रियाँला माहीत काही नसतं पण कळतं सगळं. ब्रियाँ फाईल वाचायचाच नाही हो, तोंडी सांगा म्हणायचा, वास घ्यायचा आणि भाषणात आग लावायचा. आता असा मंत्री असेल तर त्याला फाईल वाचणारा आणि त्याच्या मनातलं कागदावर उतरवणारा माणूस लागणारच की नाही. १९२५ पासून १९३२ पर्यंत लेजे त्याच्या कार्यालयाचा प्रमुख. जर्मनीच्या पश्चिम सीमा पक्क्या करणारे लोकार्नोचे करार १९२५ चे, मग १९२८ मध्ये युद्धच बेकायदा ठरवणारा केलॉग-ब्रियाँ करार, ज्यावर पहिल्याच दिवशी सही करणाऱ्या १५ मध्ये ब्रिटिश अमलाखालचा हिंदुस्थानही होता, आणि १९३० मध्ये युरोपचा संघ करावा असं सुचवणारं टिपण, जे युरोपातल्या सरकारांना पाठवलं गेलं. हे शेवटचं टिपण लेजेच्या हातचं. युरोपियन युनियनचं बी म्हणून फ्रेंच परराष्ट्रमंत्री शूमानची १९५० ची घोषणा सगळे सांगतात, त्याच्या वीस वर्षं आधीचा हा कागद. तेव्हा त्याचं काही झालं नाही, मंदी आली, जर्मनीत हवा बदलली, कागद फाईलला लागला.

१९३३ मध्ये जुना सरचिटणीस फिलिप बेर्तलो पदावरून गेला आणि त्याच्या खुर्चीत लेजे बसला, हुद्दा राजदूताचा. हे सरचिटणीस म्हणजे आपल्या परराष्ट्र सचिवासारखं पद. तिथल्या खात्याला लोक के दॉर्से म्हणतात, सीनच्या काठावरचा तो रस्ता आहे, आपण मंत्रालय म्हणून सरकार म्हणतो तसं. आणि आता मोजा. १९३३ ते मे १९४० या काळात त्याच्यावर परराष्ट्रमंत्री आले ते पोल-बोंकूर, दालादिए, बार्तू, लाव्हाल, फ्लांदाँ, देल्बोस, मग परत पोल-बोंकूर, बॉने, परत दालादिए, आणि रेनो. आठ माणसं, दोघं दोनदा. त्यातला बार्तू तर १९३४ मध्ये मार्सेलला युगोस्लाव्हियाच्या राजावर हल्ला झाला त्यात गेला. कुणी डावा, कुणी उजवा, कुणाला रशियाशी दोस्ती हवी, कुणाला इटलीशी. खुर्ची तीच, आणि खुर्चीमागचा माणूस तोच. लाव्हाल १९३५ मध्ये मॉस्कोला स्टॅलिनला भेटायला गेला तेव्हा सोबत लेजे होता, यावरून काय ते समजा.

पण एक सांगतो, ही स्थिरता म्हणजे ताकद असं धरून चालू नका. आठ मंत्र्यांना सांभाळायचं म्हणजे प्रत्येक वाक्य असं लिहायचं की उद्या दुसरा आला तरी फाडावं लागू नये. अशी वाक्यं लिहून लिहून धोरणच गुळमुळीत होतं. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात कुणीच हस्तक्षेप करू नये ही जी लाइन फ्रान्सने घेतली तिच्यामागे लेजेचा मोठा हात होता, आणि झालं काय, हिटलर-मुसोलिनीने सह्या करून खुशाल विमानं पाठवली आणि फ्रान्स स्वतःच्या शब्दात अडकून बसला. तिथे त्याची चूक झाली असंच मी म्हणेन.

प्रश्न : म्युनिक करारात हा होता का? मी शाळेत इतिहास शिकवते, फोटोंमध्ये चेंबरलेन, दालादिए, हिटलर, मुसोलिनी एवढेच दिसतात. (शिक्षिका, कोल्हापूर)

होता. चेकोस्लोव्हाकियाचा एक तुकडा तोडून हिटलरला देणारा हा करार. २९ सप्टेंबर १९३८ ला दालादिएबरोबर, जो तेव्हा फ्रान्सचा पंतप्रधान होता, तो म्युनिकला गेला. मुलांना सांगायला एक प्रसंग देतो, चेकोस्लोव्हाकियाच्या बाजूने तिथे असलेल्या मासारिक नावाच्या अधिकाऱ्याने तो लिहून ठेवलाय. (हा मासारिक वेगळा, राष्ट्राध्यक्ष मासारिक नव्हे, मुलं गोंधळतात.)

ज्या देशाचे लचके तोडायचे त्या देशाची माणसं दिवसभर हॉटेलात बसवून ठेवली होती. मध्यरात्र उलटून गेल्यावर, दीडच्या सुमाराला, त्यांना आत बोलावलं. चेंबरलेन बोलता बोलता जांभया देत होता, लपवायचीसुद्धा तसदी घेत नव्हता. चेक माणसांनी विचारलं, आमच्या सरकारचं उत्तर तुम्हाला हवंय का? दालादिए अस्वस्थ, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मग उत्तर कुणी दिलं, तर लेजेने. घाईघाईत, काही विशेष नाही अशा सुरात, की चौघांकडे फार वेळ नाही, तुमच्या उत्तराची गरज नाही, तुम्हाला योजना मान्य आहे असं आम्ही धरून चालतो.

आता गंमत, गंमत कसली, शोकांतिकाच म्हणा, ही की लेजे स्वतः हिटलरपुढे नमतं घेण्याच्या बाजूचा नव्हता. त्या काळचा त्याचा परराष्ट्रमंत्री बॉने हा तडजोडवाला आणि दोघांचं अजिबात पटत नव्हतं. १९३६ मध्ये हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या ज्या पश्चिम पट्ट्यात कराराने सैन्य ठेवायला बंदी होती तिथे, सैन्य घुसवलं तेव्हाही याचं म्हणणं कडक वागा असंच होतं. पण साहेबाच्या घशात अडकलेलं वाक्य बोलून टाकायचं हे सचिवाचं काम, आणि ते त्याने केलं. परत येताना कुणीतरी म्हणालं की चला, एकदाचं हायसं वाटलं, त्यावर लेजे म्हणाला की हो, चड्डीत झाल्यावर वाटतं ना तसं. हे त्याच्या नावावर सांगितलं जातं. कवितेत हा माणूस असलं वाक्य चुकूनही लिहिणार नाही! मुलांना शेवटचं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : एवढा मोठा अधिकारी होता तर हाकलला का गेला? (वाचक, मडगाव)

मे १९४०. जर्मन रणगाडे फ्रान्सच्या सीमेवरच्या सदाँजवळ घुसलेत आणि पॅरिसमध्ये कुणाला काही सुधरत नाहीये. १६ मेला चर्चिल विमानाने आला, के दॉर्सेवर बैठक, आता पंतप्रधान असलेला रेनो, दालादिए आणि सरसेनापती गामलाँ उभ्या उभ्याच बोलतायत. चर्चिल विचारतो, राखीव सैन्य कुठाय? गामलाँ मान हलवून म्हणतो, नाहीये. आणि खिडकीबाहेर हिरवळीवर होळ्या पेटलेल्या, म्हातारे म्हातारे अधिकारी ढकलगाड्या भरभरून फाईली आणतायत आणि आगीत टाकतायत. लेजेच्या खात्याच्या फाईली. जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून. गठ्ठ्याने टाकलेला कागद लवकर जळत नाही, ज्यांनी कधी रद्दी पेटवलीये त्यांना माहीत असेल, वरचा काळा होतो आणि आतला तसाच राहतो, काठीने उकरावा लागतो. त्यात ब्रियाँच्या काळापासूनचे किती मसुदे गेले असतील याचा विचार करून मला दरवेळी कसंतरी होतं.

दोनच दिवसांनी रेनोने मंत्रिमंडळात फेरबदल केले आणि १९ मेला लेजे पदावरून गेला, जागी शार्ल-रू आला. कारणं बरीच सांगतात. एक म्हणजे काहीतरी मोठं बदलतोय असं दाखवायला डोकं लागतं, ते याचं मिळालं. दुसरं, रेनोच्या मैत्रिणीचं, काउंटेस एलेन द पोर्तचं, नाव तेव्हापासून घेतलं जातं, तिला हा माणूस डोळ्यासमोर नको होता म्हणे. समजूत काढायला वॉशिंग्टनचं राजदूतपद देऊ केलं, त्याने नाही म्हटलं. आपल्याकडच्या भाषेत साईड पोस्टिंग, पण स्वाभिमान आडवा आला.

जूनच्या मध्यावर तो बोटीने इंग्लंडला निघाला आणि १४ जुलैला, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय सणादिवशीच, न्यूयॉर्कला उतरला. मागे फ्रान्समधल्या व्हिशी सरकारने, म्हणजे जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या सरकारने, नागरिकत्व काढून घेतलं, मालमत्ता जप्त. गेस्टापो त्याच्या पॅरिसमधल्या फ्लॅटमध्ये घुसले आणि कुलपातल्या सगळ्या कविता, सोळा वर्षं लिहून न छापलेल्या, घेऊन गेले. त्या आजतागायत सापडलेल्या नाहीत.

तुम्ही मडगावहून लिहिलंय म्हणून हे खास तुमच्यासाठी: तो फ्लॅट ज्या रस्त्यावर होता त्याचं नाव आव्हेन्यू कामोइश. तोच पोर्तुगीज कवी लुईश द कामोइश, जो सोळाव्या शतकात गोव्यात येऊन राहिला होता. त्याचं जहाज बुडालं तेव्हा त्याने हस्तलिखित पाण्याच्या वर धरून पोहत किनारा गाठला अशी दंतकथा आहे. त्याच्या नावाच्या रस्त्यावर राहणाऱ्याला ते जमलं नाही.

प्रश्न : मग द गॉलबरोबर का गेला नाही? आणि शेवटी पेन्शन मिळाली का? (वाचक, नागपूर)

लंडनहून जर्मनांविरुद्ध फ्रेंचांचा लढा चालवणाऱ्या सेनापती द गॉलने १९४२ मध्ये तिकडे बोलावलं होतं, याने नकार दिला. म्हणणं असं की निवडून न आलेल्या माणसाने फ्रान्सचं सरकार म्हणून मिरवणं कायद्यात बसत नाही. देश बुडतोय आणि साहेब नियम बघतोय, असं त्याच्यावर तेव्हाही लोक चिडले आणि आत्ताही चिडतात. पण जन्मभर कार्यपद्धतीत राहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार.

अमेरिकेत त्याला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये फ्रेंच साहित्याचा सल्लागार म्हणून काम मिळालं. राजदूतपद नाकारलं त्याच शहरात, तिथे पुस्तकांच्या याद्या बघत बसायचं. पण त्याच काळात कुलूप निघालं, १९४१ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर वनवासावर कविता लिहिली आणि १९४२ मध्ये ती शिकागोच्या एका मासिकात छापून आली. युद्धानंतर नागरिकत्व परत मिळालं, १९५० मध्ये रीतसर निवृत्त, राजदूत हा किताब लावून. पण देशात लगेच गेला नाही, १९५७ पासून उन्हाळ्यात जायला लागला, दक्षिण किनाऱ्यावर जियाँला एका अमेरिकन मैत्रिणीने दिलेल्या घरात. तिथेच १९७५ मध्ये वारला.

प्रश्न : या सगळ्यात भारताचा कुठे संबंध? (वाचक, डोंबिवली)

आहे, आणि चांगला आहे. नोकरीला लागायच्या आधी, १९१२ च्या सुमारास, हा लंडनला असताना रवींद्रनाथांना भेटला आणि त्यांच्या कवितांकडे फ्रेंच लेखक आंद्रे जीदचं लक्ष वेधलं. जीदने गीतांजलीचं फ्रेंच भाषांतर केलं आणि ते लेजेलाच अर्पण केलंय. नोबेलच्या बाबतीत त्याचं पांग असं फिटलं की त्याच्यासाठी स्टॉकहोममध्ये सगळ्यात जास्त खटपट केली ती दाग हॅमरशोल्डने, जो तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस होता आणि स्वीडिश अकादमीचा सदस्यही. इतका की स्वतः बसून त्याच्या कवितेचं स्वीडिश भाषांतर केलं, तेही काँगोचं प्रकरण पेटलेलं असताना. एका सरचिटणीसाने दुसऱ्या सरचिटणीसासाठी.

आणि कवी-राजदूत म्हणाल तर आपल्या दिल्लीत ऑक्टाव्हिओ पाझ १९६२ ते ६८ मेक्सिकोचा राजदूत होताच, पण तो वेगळा प्राणी, सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या घातल्या म्हटल्यावर पद सोडून मोकळा झाला.

प्रश्न : मी कुठेतरी वाचलं की या माणसाने स्वतःचं चरित्रच खोटं लिहिलं. खरं का? (वाचक, सांगली)

खोटं म्हणजे, हं, ऑफिसच्या भाषेत सुधारित म्हणू. फ्रान्समध्ये प्लेयाद नावाची मोठ्या लेखकांच्या समग्र साहित्याची मालिका आहे, बायबलच्या कागदासारखा पातळ कागद, कातडी बांधणी, तिथे येणं म्हणजे मोठा मान, आणि जिवंतपणी येणं म्हणजे तर विचारूच नका. याचा खंड १९७२ मध्ये आला. संपादन केलं त्याने स्वतः. चरित्र लिहिलं त्याने स्वतः, तेही तृतीय पुरुषात, जणू दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय. त्यात जन्म कुठे, तर घराण्याच्या मालकीच्या एका छोट्या बेटावर. प्रत्यक्षात जन्म प्वाँत-आ-पित्र या भर गावातला.

आणि पत्रं! चीनमधून आईला, मित्रांना, वरिष्ठांना लिहिलेली पत्रं म्हणून जी छापलीत त्यातली बरीच त्याने म्हातारपणी पुन्हा लिहिली, काही तर नव्यानेच तयार केली. अभ्यासकांनी कागद ताडून पाहिले तेव्हा हे बाहेर आलं. बेर्तलोला लिहिलेलं म्हणून एक पत्र आहे, तारीख जानेवारी १९१७, त्यात चीन शेवटी लेनिनच्या वळणाच्या साम्यवादाकडे जाणार असं भाकीत केलंय. जानेवारी १९१७! लेनिन तेव्हा झुरिकमध्ये लायब्ररीत बसलेला होता, रशियात झार गादीवर होता, आणि हे पेकिंगमधले तिसरे सेक्रेटरी भविष्य सांगतायत.

मला याचा राग येत नाही, खरं सांगतो. खात्याच्या फाईली हिरवळीवर जळल्या, कविता गेस्टापोने नेल्या, हातात कागद म्हणून उरला नव्हता, मग बसला आणि मागच्या तारखेने सगळं रेकॉर्ड पुन्हा तयार केलं, आवक-जावक सकट. उरलेले कागद एक्स-आँ-प्रोव्हाँसला त्याच्या नावाच्या संस्थेत आहेत, कुणी तिकडे शिकायला गेलं असेल तर जाऊन बघून या आणि आम्हाला कळवा.

कीटकनाशकं नक्की पुढच्या महिन्यात.